बातमीला मिळालेला वन्स मोअर

माझ्या नवऱ्याची नोकरी गेली, हे मला भरलेल्या सभागृहात कळलं. मला, आमच्या मुलीला आणि आणखी हजारभर लोकांना, एकाच वेळी. त्या हजारांत अरब होते, इंग्रज होते, फिलिपिनो होते, मल्याळी होते आणि आमच्या मराठी मंडळाच्या दोन रांगा होत्या. बातमी सांगणारा खुद्द नवराच होता. त्याच्या डोक्यावर रुंद काठाची टोपी, अंगात झालरीचं जाकीट आणि मागे साठेक वादकांचा ऑर्केस्ट्रा. बातमी ऐकून सगळं सभागृह खदखदून हसलं आणि टाळ्या पडल्या.

हा प्रकार समजायला थोडं भुसावळला जावं लागेल. नवरा तिथल्या रेल्वे कॉलनीत वाढला. शेजारच्या क्वार्टरमध्ये एक अँग्लो-इंडियन इंजिन ड्रायव्हर राहायचे. ड्युटी संपवून आले की ते अंगणात खुर्ची टाकायचे, गिटार मांडीवर घ्यायचे आणि अमेरिकेतल्या गुराख्यांची गाणी म्हणायचे. कॉलनीतल्या मराठी बिऱ्हाडांना त्यातलं ओ की ठो कळत नसे. माझ्या नवऱ्यालाही कळत नव्हतं, पण चाली मात्र त्याच्या अंगात मुरल्या. शब्दांचे अर्थ त्याला इंजिनिअरिंगला गेल्यावर लागले म्हणे. तोवर तो एका गाईबद्दलचं गाणं प्रेमगीत समजून गात होता.

लोक त्यांना काउबॉय म्हणतात, मी गुराखी म्हणते. काउबॉय म्हटलं की घोडा आणि बंदूक डोळ्यांपुढे येते, गुराखी म्हटलं की काठी आणि शेण. काम एकच. नवऱ्याला याचा राग येतो, म्हणून मी मुद्दाम म्हणते.

मी पुण्याची. आमच्या घरी सकाळ तानपुऱ्याने व्हायची. या स्थळाच्या माहितीत ‘गाण्याची आवड’ असं लिहिलेलं वाचून माझे वडील खूश झाले होते. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात न्हाणीघरातून असा आवाज आला की मी हातातलं भांडं टाकून धावले. मला वाटलं, पाय घसरून पडला. तर ते गाणंच होतं. आवाज छातीतून एकदम टाळूत उडवायचा, तिथे दोन गटांगळ्या खाऊ द्यायच्या आणि परत खाली आणायचा, याला यॉडलिंग म्हणतात, हे मला दारातून ओल्या डोक्याने समजावून सांगण्यात आलं. मी वडिलांना पत्रात काही कळवलं नाही.

पुढे आम्ही दुबईला आलो. नवरा एका बांधकाम कंपनीत, मी एका भारतीय शाळेत गणिताची बाई. अल बर्शात घर घेतलं ते भाड्यानेच, पण इतकी वर्षं राहिलो की भाड्याचं आहे हे विसरायला झालं. मुलगी इथेच जन्मली, इथेच शिकली, आता अल ऐनला एका हॉस्पिटलात फिजिओथेरपिस्ट आहे. आम्ही मराठीत विचारतो, ती इंग्रजीत उत्तर देते, आणि आमचं छान चाललेलं असतं. न्हाणीघरातलं गाणंही चालूच राहिलं. एकदा वरच्या मजल्यावरच्या बाईंनी तक्रार केली आणि वॉचमन दारात येऊन उभा राहिला. ‘मॅडम, सब ठीक है? किसी को लगा नहीं ना?’ मी म्हटलं, ‘नहीं, सर गा रहे हैं।’ तो माझ्याकडे फार सहानुभूतीने बघून गेला.

तर गेल्या हिवाळ्यात नवरा ऑफिसातून आला आणि बूट काढता काढता म्हणाला, ‘अगं, माझं सिलेक्शन झालं.’

‘कशात?’

‘ऑर्केस्ट्रात. एक गाणं आहे. सोलो.’

ऑर्केस्ट्रा म्हटल्यावर माझ्यासमोर गणपतीतला ऑर्केस्ट्रा आला. कीबोर्ड, ऑक्टोपॅड आणि चकचकीत सदऱ्यातला निवेदक. हा तो नव्हता. हौशी लोकांचा, पण खरा सिम्फनी ऑर्केस्ट्रा होता. डॉक्टर, पायलट, शाळेतल्या संगीताच्या बाया, हॉर्न वाजवणारी फिलिपिनो नर्स असे सगळे दर सोमवारी ऑफिस सुटल्यावर जमायचे. यंदा त्यांनी गुराख्यांच्या जुन्या गाण्यांचा कार्यक्रम ठरवला होता. मुख्य गायक अमेरिकेहून येणार होता, आणि दोन-तीन गाणी इथल्याच लोकांनी म्हणावीत असं त्यांच्या मनात होतं. नवऱ्याच्या ऑफिसातला एक आयरिश सहकारी तिथे व्हायोलिन वाजवायचा. साइटवरून येताना गाडीत त्याने नवऱ्याचं गुणगुणणं ऐकलं आणि त्याला धरून नेलं.

मला पहिला धक्का हा बसला, की कुणी ते ऐकून त्याला बोलावलं. दुसरा धक्का, त्याने जायचं ठरवलं. हा माणूस मंडळाच्या सभेत आभारप्रदर्शनाला सुद्धा उभा राहत नाही. घरात एखादी गोष्ट सांगायची असेल तर आधी दोन दिवस पंख्याकडे बघत बसतो. मुलीचं लग्नाचं वय झालंय, एवढं बोलायला त्याला एक वर्ष लागलं आणि तेही त्याने गाडी रिव्हर्स घेताना सांगितलं.

मग कपड्यांचं सुरू झालं. मीना बझारमधल्या आमच्या नेहमीच्या शिंप्याकडे झालरीचं जाकीट शिवायला टाकलं. तो शेरवान्या शिवणारा. चित्र बघून त्याने विचारलं, ‘सर, बारात कब है? साफा भी बना दूँ?’ वर बूट आले, टोपी आली. घरचं झालं थोडं आणि व्याह्यानं धाडलं घोडं, अशी माझी गत. दहावीचे पेपर तपासत मी डायनिंग टेबलाशी बसायची आणि समोर हा टोपी घालून आरशात कमरेवर हात ठेवून उभा.

या गाण्यांची एक रीत असते, ती मला तेव्हा कळली. गायक एकदम गायला लागत नाही. आधी प्रेक्षकांशी चार गोष्टी बोलतो. शेकोटीभोवती बसल्यावर माणूस थापा मारतो तशा. कधी घोड्याची, कधी मालकाची, कधी स्वतःच्या फजितीची. तेवढा वेळ ऑर्केस्ट्रातले चेलो, म्हणजे जाड आवाजाची तंतुवाद्यं, खाली एकच सूर हळू धरून ठेवतात. गायकाचं बोलणं संपलं की तो टोपी उचलतो, ती कंडक्टरसाठी खूण. टोपी उचलल्याशिवाय गाणं सुरू होत नाही.

नवऱ्याने भुसावळची थाप तयार केली होती. रुळावर एक गाय उभी राहते, गाडी थांबते, शिट्ट्या वाजवून वाजवून वाफ संपते, शेवटी ड्रायव्हर खाली उतरून तिला गाणं म्हणून दाखवतो आणि दुसऱ्या कडव्याला गाय बाजूला होते, कारण तिला ते आवडत नाही. ही थाप मी इतक्या वेळा ऐकली की झोपेत म्हटली असती. नवरा ती अस्खलित म्हणायचा. खोटं सांगताना तो कधीच अडखळत नाही. खरं बोलायची वेळ आली की त्याची गाडी रुळावरून घसरते आणि डाव्या हाताचा अंगठा घड्याळाच्या पट्ट्यावर फिरायला लागतो. संसारात एवढं ज्ञान पुरतं.

त्या दिवसांत तो जेवायचा कमी, गच्चीवर जास्त उभा राहायचा. मी म्हणायचे, गाण्याचं टेन्शन. मुलीलाही फोनवर तेच सांगितलं. ‘ओह, सो क्यूट,’ ती म्हणाली.

कार्यक्रम रविवारी दुपारी चारचा होता. मंडळाच्या ग्रुपवर जाहिरात मीच टाकली होती, कारण चेष्टा करायलाही माणसं लागतात. मंडळाचे माजी अध्यक्ष, ज्यांना आम्ही सगळे काका म्हणतो, तिकीट बघून म्हणाले, ‘दीडशे दिरहम, म्हणजे साडेतीन हजार झाले की. एवढ्यात पुण्यात नाटक बघून चौघांचं जेवण होतं.’ पण आले. सगळेच आले. बायका पैठण्या नेसून, पुरुष कुडत्यांत, आणि काकांच्या खिशात खडीसाखरेची डबी. तिसऱ्या रांगेत मी आणि मुलगी, चौथ्या-पाचव्या रांगेत मंडळ.

मी हसायच्या तयारीने गेले होते, हे खरं सांगते. पण पहिलंच गाणं सुरू झालं आणि मी हबकले. अमेरिकन गायक मध्ये उभा, म्हातारा, सुपारीएवढा आवाज. आणि त्याच्यामागे व्हायोलिनांची ओळच्या ओळ उठली, हॉर्नांनी लांबवर कुठेतरी डोंगर उभा केला, ताल धरणाऱ्या पोरीने दोन लाकडी ठोकळ्यांवर घोड्याची टाप वाजवली, आणि सभागृहातून खरंच कुणीतरी चालत निघाल्यासारखं वाटलं. गाणं काय, तर माळावर एकटा माणूस, त्याला घर आठवतंय, बाकी काही नाही. आपल्याकडे असा माणूस एकतारीवर गातो. इथे एका माणसाच्या एकटेपणाला साठ माणसं साथ करत होती. ही चैन मला आवडावी की राग यावा, हेच कळेना. मुलीने माझ्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘मम्मा, यू आर क्राइंग?’ मी म्हटलं, ‘एसी फार आहे.’

चौथं गाणं नवऱ्याचं. तो आला, माइकशी उभा राहिला. मंडळातून टाळ्या आल्या. कंडक्टर बाईंनी हात हलवला, चेलोंनी तो खालचा सूर धरला. आता गाय येणार, म्हणून मी आरामात टेकून बसले.

‘भुसावळला एक गाय होती,’ नवरा इंग्रजीत म्हणाला, आणि थांबला.

सूर चालू होता. मला वाटलं, विसरला. मी ओठांनी पुढचं वाक्य म्हणायला लागले, जणू त्याला एवढ्या उजेडातून माझे ओठ दिसणार होते. तो खाली बघत होता. मग म्हणाला, ‘गाईचं राहू द्या.’ ते सगळं इंग्रजीत होतं, मी मराठीत सांगते.

‘मी इथेच, जवळच एका, एका मोठ्या रँचवर, गुरांच्या मळ्यावर काम करतो. निम्मं आयुष्य तिथे गेलं. मालक भला माणूस आहे. दोन महिन्यांपूर्वी त्याने मला बोलावलं. चहा दिला. म्हणाला, मित्रा, आता गुरं राखायला माणूस लागत नाही, ती पडद्यावर दिसतात.’

सभागृह हसलं.

‘मी विचारलं, मग घोड्याचं काय. तो म्हणाला, घोडा, घोडा कंपनीचा आहे, धुऊन परत कर.’

आणखी हसले. आमच्या मागे तर काकांना ठसका लागला. मी हसले नाही. नवरा दर दोन शब्दांनंतर अडखळत होता. त्याच्या डाव्या हाताचा अंगठा घड्याळाच्या पट्ट्यावर फिरत होता.

‘या महिन्याअखेर मी खोगीर उतरवतोय,’ तो म्हणाला. ‘एकच भानगड आहे. बायकोला अजून सांगितलेलं नाही.’

आता तर छत उडायचं बाकी राहिलं. शेजारचा अरब गृहस्थ मांडीवर थाप मारून हसला आणि ‘हबीबी, हराम’ असं आपल्या बायकोला म्हणाला, म्हणजे बिच्चारा. नवऱ्याने टोपी उचलली. गाणं सुरू झालं.

मुलगी माझ्या कानाशी आली. ‘मम्मा, ही इज जोकिंग, राइट?’

मी त्याच्या घड्याळाकडेच बघत होते.

‘मम्मा?’

परदेशात नोकरी करणाऱ्यांना हे सांगावं लागत नाही, पण इतरांसाठी सांगते. इथे नवऱ्याच्या नोकरीवर त्याचा व्हिसा, त्याच्या व्हिसावर माझा, त्यावर घर, त्यावर वीज-पाणी, अगदी मोबाइलचं कार्ड. नोकरी गेली की थोडे दिवस मिळतात, मग खलास, एकेक गाठ सुटत जाते. आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी दुसरी नोकरी कोण देतो? मी त्या खुर्चीत बसून माझी स्वयंपाकघराची खिडकी बघितली, जिच्यातून मेट्रो दिसते. माझ्या वर्गातल्या मुली बघितल्या, ज्यांना मी परीक्षेपर्यंत सोडणार नाही असं वचन दिलं होतं. आणि या माणसाला दोन महिने हे ठाऊक होतं. दोन महिने मी त्याला विचारत होते, भाजी कुठली करू, आणि तो सांगत होता, कुठलीही. ताकाला जायचं आणि भांडं लपवायचं, हे मी पाहिलं होतं. याने ताकच लपवलं होतं.

तो काय गायला, मला पहिल्यांदा कळलंच नाही. शेवटी त्याने तो आवाज उडवला एवढं जाणवलं, न्हाणीघरातला तोच, पण व्हायोलिनं त्याच्याबरोबर वर गेली आणि त्याला अलगद खाली घेऊन आली. टाळ्यांचा पाऊस पडला.

आणि मग मंडळाने ते केलं, जे फक्त आमचीच माणसं करू शकतात.

काका उठून उभे राहिले आणि खणखणीत आवाजात म्हणाले, ‘वन्स मोअर.’

संगीत नाटकांवर वाढलेल्या माणसाचा तो आवाज. गाणं आवडलं की जागच्या जागी परत मागायचं आणि गाणाऱ्याने ते द्यायचं, ही आपल्याकडची जुनी देवघेव आहे. सिम्फनीच्या मध्येच कुणी असं मागत नाही, हे काकांना ठाऊक नव्हतं आणि ठाऊक असतं तरी ते थांबले नसते. पाचव्या रांगेतूनही आलं, ‘वन्स मोअर.’ मग बायका. मग गंमत वाटून मागचे इंग्रज, मग बाल्कनीतले मल्याळी. माझ्या शेजारचा अरबही हात उंचावून मागू लागला. ज्या बातमीने माझ्या पायाखालची वाळू सरकली होती, ती सगळ्या दुबईला पुन्हा ऐकायची होती.

कंडक्टर बाई आधी गोंधळल्या. मग त्यांना हसू आलं. त्यांनी वादकांकडे बघून एक बोट वर केलं, सगळ्यांनी पानं मागे उलटली. चेलोंनी पहिल्यापासून सुरुवात केली. पहिल्यापासून म्हणजे त्या खालच्या सुरापासून, ज्यावर बोलायचं असतं.

नवरा अडकला. त्याने टोपी उचलली असती तरी सुटला असता. लगेच गाणं सुरू झालं असतं. मी मनात म्हणत होते, उचला, अहो, उचला ती टोपी आणि गाऊन मोकळे व्हा. त्याचा हात वर गेला, टोपीच्या काठाला लागला आणि तिथेच राहिला. सूर तसाच चालू. लोक पुन्हा हसायला तयार होऊन बसलेले.

मग तो मराठीत बोलायला लागला.

‘मंडळी,’ तो म्हणाला, ‘काका, तुम्ही वन्स मोअर दिलात, म्हणून तुमच्याशीच बोलतो. मघाशी जे सांगितलं ना, त्यात रँच तेवढा खोटा. बाकी सगळं तसंच आहे. एकतीस तारखेला माझा शेवटचा दिवस. हिला सांगायला मला जमलं नाही. रोज ठरवायचो. इथे, एवढे लोक मागे वाजवत असताना, तोंड उघडलं गेलं. तुम्ही हसलात ते बरं झालं. हसा.’

आमच्या दोन रांगांत कुणी हसलं नाही. बाकीच्या सभागृहाला मात्र यातलं अक्षर कळलं नव्हतं. त्यांना वाटलं, कलाकाराने आपल्या माणसांसाठी त्यांच्या भाषेत काहीतरी गोड सांगितलं. त्यांनी टाळ्या वाजवल्या, मघापेक्षा जोरात. आपली बायकामाणसं पदर तोंडाशी धरून बसलेली आणि चहूबाजूंनी टाळ्या. असं दृश्य मी आयुष्यात पाहिलं नव्हतं, देवाने पुन्हा दाखवू नये.

त्याने टोपी उचलली. यावेळी मी गाणं ऐकलं. कळप जागेवर पोचवून झाल्यावर एकटा परत निघालेला गुराखी होता तो. मागे बघायला काही उरलेलं नाही, पुढे घर आहे पण ते त्याला ओळखेल की नाही ठाऊक नाही. तो सुरात होता. मला भयंकर राग आला, की हा सुरात कसा राहू शकतो.

मागून काकांचा हात माझ्या खांद्यावर आला. ‘अगं पोरी, मला काय माहीत गं,’ ते पुटपुटले. त्यांच्या हातातली खडीसाखर माझ्या खांद्यावर सांडली. मी मान हलवली. त्यांना समजावण्याइतकी जागा माझ्यात नव्हती.

मध्यंतरात मी उठलेच नाही. उत्तरार्धात काय वाजलं, देव जाणे. कार्यक्रम संपल्यावर बाहेरच्या दालनात अनोळखी लोक मुलीला शोधून सांगत होते, तुझे डॅड काय कमाल नट आहेत. ‘थँक यू,’ ती म्हणत होती, आणि प्रत्येक थँक यूनंतर तिचा आवाज बारीक होत होता. मंडळाची माणसं आमच्याभोवती घुटमळत होती. मयताला आल्यासारखा चेहरा करावा की अभिनंदन करावं, हे त्यांना ठरवता येत नव्हतं. एकजण म्हणाली, ‘होईल काहीतरी, इन्शाल्ला.’ दुसरी म्हणाली, ‘आवाज काय लागला होता पण.’ दोन्ही खरं होतं आणि मला दोन्ही ऐकायचं नव्हतं. मी मुलीला काकांबरोबर थांबायला सांगितलं आणि पार्किंगमध्ये जाऊन गाडीपाशी उभी राहिले.

तिथे उभ्या उभ्या मी भांडण तयार केलं. मी गणिताची बाई आहे, माझं भांडण पायरी पायरीने जातं. आधी विश्वास, मग दोन महिने, मग मुलगी, मग मंडळापुढची शोभा, आणि शेवटी माझी नोकरी, जिचा या माणसाने विचारही केला नव्हता. एकही पायरी सुटणार नव्हती.

तो आला. टोपी काखेत, गालावर रंग पुसल्याचे डाग, झालरी लोंबत होत्या. कुणीतरी जाता जाता त्याला ‘ब्राव्हो’ म्हणालं, त्याने हात हलवला. माझ्यासमोर येऊन उभा राहिला आणि त्याने काय विचारावं?

‘कसं झालं?’

इतकं सगळं तयार होतं आणि त्या दोन शब्दांनी त्याचा चक्काचूर झाला. लग्नाला इतकी वर्षं होऊनही माणूस आपल्याला असा अचंबित करू शकतो, हे मला नवं होतं.

‘अहो,’ मी शेवटी म्हणाले, ‘तुम्ही दोनदा सांगितलंत. एकदा गोऱ्यांना, एकदा मंडळाला. मला एकदाही नाही.’

‘तू होतीस ना तिथे,’ तो म्हणाला.

‘मी तिकीट काढून बसले होते. सांगितलं नाहीत. आता सांगा.’

‘इथे?’

‘इथेच.’

त्याने आजूबाजूला बघितलं. गाड्या सुरू होत होत्या, दिवे लागत होते, कुणाचं तरी मूल रडत होतं. खाली सूर धरायला कुणी नव्हतं. त्याने टोपी गाडीच्या टपावर ठेवली, मग परत उचलली, मग परत ठेवली. तोंड उघडलं, मिटलं. हजार लोकांपुढे दोनदा बोललेला माणूस एका बाईपुढे उभा राहून घाम पुसत होता. मी मदत केली नाही. मला ते ऐकायचंच होतं.

‘माझी नोकरी गेली,’ तो म्हणाला.

मी थांबले. अजून काहीतरी होतं, त्याचा अंगठा थांबला नव्हता.

‘आणि मला फार भीती वाटते गं.’

हे त्याने सभागृहात सांगितलं नव्हतं. इंग्रजीत नाही, मराठीत नाही. भुसावळपासून अल बर्शापर्यंत हे वाक्य त्याच्या तोंडून कुणी ऐकलं नसेल, मी तर नाहीच. माझ्या भांडणाच्या सगळ्या पायऱ्या जिथल्या तिथे राहिल्या.

‘मलाही,’ मी म्हणाले, आणि गाडीची किल्ली त्याच्या हातातून घेतली.